पानं आहेत, पत्रांक गेले

आमच्या खानदेशातला कानबाईचा सण, म्हणजे कानबाईचे रोट, तोंडावर आले होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमचं सगळं कुटुंब धुळ्याला जमतं. यंदा शिरपूरची आत्या नव्हती. फाल्गुनात ती गेली. तिने म्हटलेली कानबाईची अहिराणी गाणी मात्र माझ्याकडे होती. चार वर्षांपूर्वी तिच्या ओट्यावर बसून मी ती मोबाइलवर घेतली होती. ती पेनड्राइव्हवर घालून घरोघरी द्यावीत, एवढ्याच हेतूने आदल्या रविवारी रात्री मी संगणकापुढे बसलो. पेनड्राइव्ह आधी कोरा करायचा होता. यादीत दोन ड्राइव्ह दिसत होते, ई आणि एफ. मी एफ निवडला आणि 'फॉरमॅट'वर टिचकी मारली. संगणकाने विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल? मी न वाचता 'हो' म्हटलं.

पेनड्राइव्ह ई होता. एफ होती बॅकअपची एक टेराबाइटची हार्ड डिस्क.

बॅकअप म्हणायचं तेही नावापुरतं. लॅपटॉप भरला म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी सगळं त्या डिस्कवर हलवलं होतं आणि लॅपटॉपवरून काढून टाकलं होतं. आत्याची सतरा गाणी, नानांच्या मोडी कागदांचे फोटो, मुलीच्या लहानपणीचे व्हिडिओ, सगळ्याची एकुलती एक प्रत तीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा आपला लॅपटॉप आणि दोन रिकाम्या डिस्क घेऊन आला. आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. थोड्या वेळाने माझे चुलते नाना आले. नाना निवृत्त मराठी शिक्षक, मोडी वाचणारे. सुटीचे दिवस त्यांनी राजवाडे संशोधन मंडळातल्या कागदांत घालवले. गेलेली आत्या त्यांची थोरली बहीण, त्यांची अक्का. भाच्याच्या लॅपटॉपवर आकडे सरकत होते, आणि तीन-साडेतीन तास ते सरकतच राहणार होते. तेवढ्या वेळात या दोघांत जे बोलणं झालं, ते इथे देतो.

नाना : काय करी ऱ्हायना रे भाऊ?

भाचा : डिस्कची हुबेहूब नक्कल घेतोय, नाना. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत. मूळ डिस्कला आता हात लावायचा नाही. शोधाशोध करायची ती नकलेत.

नाना : पुसलेल्या पाटीची नक्कल घेऊन काय मिळणार? कोरी पाटीच ना?

भाचा : पाटी पुसलेलीच नाही. मामांनी केलं ते क्विक फॉरमॅट. त्यात फक्त अनुक्रमणिका फाटते. कोणती फाइल कुठे ठेवली आहे ही नोंद जाते आणि सगळी जागा रिकामी आहे असं संगणक समजतो. मजकूर जागेवरच असतो, तिथे दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. म्हणून काल रात्री मामांचा फोन आला तेव्हा मी पहिलं हेच सांगितलं, केबल काढा, त्या डिस्कवर एक अक्षर उतरवू नका. लोक घाबरून त्याच डिस्कवर शोधायचा प्रोग्राम टाकतात आणि सापडलेलंही त्याच डिस्कवर साठवतात. फॉरमॅटमधून वाचलेलं असतं ते अशा शोधाने जातं.

नाना : म्हणजे पोथी घरातच आहे. पानं सुटी झाली आणि पत्रांक गेले.

भाचा : पत्रांक म्हणजे?

नाना : हस्तलिखिताच्या समासात पानाचा आकडा घातलेला असतो, तो. दोरा सुटून गठ्ठा विस्कटला की त्या आकड्यावरून पानं लावायची. आकडाच झडला असेल तर मग वाचत बसायचं. 'श्रीगणेशाय नमः' दिसलं की इथून ग्रंथ सुरू, 'इति' आणि 'समाप्त' दिसलं की इथे संपला. पेशवाईतलं पत्र असेल तर वर 'श्री' आणि खाली 'मोर्तब सुद'.

भाचा : नाना, माझा प्रोग्राम अगदी हेच करतो! फोटोरेक म्हणतात त्याला. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसाने लिहिलाय आणि सगळ्यांना फुकट दिलाय. तो अनुक्रमणिकेकडे बघतच नाही. जेपीईजी फोटो नेहमी एफएफ डी८ एफएफ या खुणेने सुरू होतो आणि एफएफ डी९ ने संपतो. ती त्याची श्रीगणेशाय नमः आणि तेच त्याचं मोर्तब सुद. डिस्कभर तो या खुणा हुडकत जातो.

नाना : आणि एका पोथीची पानं दुसरीत मिसळली असतील तर?

भाचा : तर तो फसतो. डिस्क भरत आली की एकच फाइल चार ठिकाणी तुकड्यांनी ठेवली जाते. सुरुवात सापडते, पुढचे तुकडे सापडत नाहीत. अर्धा फोटो येतो, खाली करडा पट्टा. आणखी एक, फाइलची नावं आणि फोल्डर परत येतीलच असं नाही. एफ आणि पुढे सात आकडे, अशा नावांचा ढीग मिळतो.

नाना : नाव नसलेला कागद म्हणजे रद्दीच की. बरं, नशिबाने एवढं तरी आहे.

भाचा : नशीबच. ही जुनी फिरत्या तबकडीची डिस्क आहे. एसएसडी असती तर मी बहुधा हात जोडले असते. तिथे फॉरमॅट करताना संगणक डिस्कला कळवतो की ही जागा आता लागणार नाही. ट्रिम म्हणतात त्याला. मग ती डिस्क फावल्या वेळात आपणच ती जागा साफ करते. पूर्ण फॉरमॅट केलं असतं तरी संपलं होतं. विंडोज व्हिस्टापासून ते सगळीकडे शून्य लिहीत जातं. आणि डिस्क टकटक वाजत असती तर मी तिला वीजसुद्धा दिली नसती. ते काम धूळ नसलेल्या प्रयोगशाळेचं.

नाना : बघ, तुझ्याच तोंडून आलं. एका टिचकीत दहा वर्षं जातात, असली तुमची तिजोरी. माझ्या ट्रंकेतला कागद दोनशे वर्षांचा आहे. त्याला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. वाळवी लागली तरी आधी दिसते, तुकडा पडतो, वास येतो. जाण्याआधी कागद सांगून जातो.

भाचा : टिकलेला कागद समोर ठेवून तुम्ही म्हणताय कागद टिकतो. न टिकलेला कुठे मोजला? १८७२ साली पांझरा नदीला पूर आला आणि धुळ्यातल्या घरांचं मोठं नुकसान झालं. त्या घरांत किती दप्तरं होती? २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा कागदाने आधी काही सांगितलं का? आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांनी जन्मभर पायपीट केली ती कशासाठी? कागद आपोआप टिकत असता तर गावोगाव दप्तरं धुंडाळावी लागली असती का?

नाना : हे मात्र कबूल. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. पुढे त्याचे बावीस खंड झाले. त्यातल्या कितीतरी पत्रांचं नशीब रद्दी हेच होतं. पण त्यांनी केलं काय ते बघ. नुसती नक्कल घेऊन ठेवली नाही. वाचलं, तारीख लावली, कोणी कोणाला लिहिलं ते ठरवलं आणि छापून लोकांत सोडलं. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथे धुळ्यातच गेले आणि ९ जानेवारी १९२७ ला त्यांच्या नावाचं मंडळ उभं राहिलं. मागे राहिलेल्या टिपणांतून मंडळाने त्यांचा धातुकोश छापला. माणूस गेला, पण त्याची कामाची फाइल उघडली गेली, कारण ती वाचू शकणारी माणसं गावात होती. तुझ्या मामाने माझ्या मोडी कागदांचे तीन हजार फोटो काढले. त्यातले उघडून किती पाहिले?

मी : दहा-बारा.

नाना : ऐक! आमच्या काळी नक्कल करणं म्हणजे वाचणं. बोटाखालून अक्षर गेल्याशिवाय उतरत नसे. यंत्राने नक्कल करताना कोणीच काही वाचत नाही.

भाचा : कोणी वाचत नाही म्हणूनच चूक होत नाही, नाना. हाताने उतरवणारा ओळ गाळतो, कठीण शब्द दिसला की सोपा घालतो. ज्ञानेश्वरीत असंच साचत गेलं ना? शके १५०६ मध्ये एकनाथांना बसून ती शुद्ध करावी लागली. मी नक्कल घेतो तेव्हा दोन्हीकडची बेरीज जुळवून बघतो. एका बिटचा फरक असला तरी कळतं. वाचकांच्या भरवशावर ठेवलं की दर पिढीत एकनाथ कुठून आणायचे?

नाना : एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती कशाच्या जोरावर? तिच्या प्रती ठिकठिकाणी होत्या म्हणून. एकाच घरात एकच प्रत असती तर ताडून पाहायची कशाशी? तुकोबांच्या गाथेचंही तेच. वह्या बुडवल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, अशी आपली परंपरा सांगते. मी कागदाची बाजू घेत नाही रे. मी माणसांची बाजू घेतोय.

भाचा : आणि माणसं विसरली की? आपल्याच खानदेशात बघा. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरातल्या मुलांनी गाणी वहीत उतरवून घेतली. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. मग त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. शेतात, जात्यावर जे म्हटलं आणि वहीत आलं नाही, ते तोंडी राहिलं का? गेलं. वही होती म्हणून बहिणाबाई आहेत.

नाना : वही होती म्हणून, आणि ती दाखवावीशी वाटणारा मुलगा होता म्हणून. नुसती वही ट्रंकेत राहिली असती.

(इथे चहा आला. लॅपटॉपवर साठ टक्के झाले होते. बोलणं थांबेल असं मला वाटलं, पण नानांनी बशी खाली ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली.)

नाना : मला एक सांग. एवढा ढीग ठेवायचाच कशाला? एका वाढदिवसाचे दोनशे फोटो. निवड करा, वीस ठेवा, बाकीचे जाऊ द्या. गेल्याचं एवढं दुःख का? अक्का गेली, तिचा आवाजही गेला, असं समजायचं. आपल्या आजीचा आवाज कुठे आहे?

भाचा : ठेवायला आता पैसे लागत नाहीत, निवडायला मात्र वेळ लागतो. म्हणून लोक सगळंच ठेवतात. पण तुमचं एक बरोबर आहे. सगळं सारख्या मोलाचं नाही. मोडी कागद ट्रंकेत आहेत, त्यांचे फोटो उद्या पुन्हा काढता येतील. आत्याआजी पुन्हा गाणार नाही. मी दुकानात प्रत्येकाला आधी हेच विचारतो, यातलं पुन्हा मिळणारं कोणतं आणि न मिळणारं कोणतं? लोक सांगतात, सगळंच महत्त्वाचं आहे. म्हणजे त्यांनी कधी विचार केलेला नसतो.

नाना : मग तुमच्या शास्त्रात यावर उतारा काय?

भाचा : तीन-दोन-एक. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने हा नियम लोकांपर्यंत नेला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे देवपुरात नव्हे हं! मधून पांझराच वाहते. पूर आला तर दोन्ही काठ त्याचेच.

नाना : आणि हे गूगलवर आपोआप जातं ते?

भाचा : ते बहुतेक वेळा जुळवून घेणं असतं, जपणं नव्हे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तीस दिवस राहतं, मग तेही नाही.

नाना : तीन-दोन-एक पाळलं की झालं? मग कोणाचं काहीच जात नसेल.

भाचा : (थोडा थांबून) जातं. २०२१ च्या डिसेंबरात क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामनेच ७७ टेराबाइट पुसले, जवळपास तीन कोटी चाळीस लाख फाइल. राखणदारानेच कोठार रिकामं केलं. त्यातलं काही संशोधकांना परत मिळालंच नाही. १९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' हा सिनेमा बनत होता. एका आज्ञेने त्याचा बहुतेक भाग पुसला गेला. बॅकअप काढायला गेले तर तो कित्येक दिवस नीट घेतलाच जात नव्हता, आणि हे कोणी उघडून पाहिलं नव्हतं.

नाना : मग सिनेमा आला कसा?

भाचा : गेलिन सुसमन नावाच्या तिथल्या बाई बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गोधड्या-चादरींत गुंडाळून गाडीतून कचेरीत आणला.

नाना : म्हणजे शेवटी बाईच्या घरातच मिळालं.

भाचा : मिळालं, पण ती प्रत यंत्राने हुबेहूब घेतलेली होती, तोंडपाठ नव्हती!

नाना : (हसून) बरं बाबा. आता माझंही एक ऐक. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास नुसत्या लेखनक्रियेला दिलाय. अक्षर कसं असावं, शाई कशी, कागद कसा. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडायला सांगितली आहे, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षराला धक्का लागत नाही. कागद झडणार, हे धरूनच त्यांनी लिहायला सांगितलं. पुढे आपल्या धुळ्याच्या शंकरराव देवांनी दासबोध छापला तो डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. कल्याणांनी अक्षर जपलं, मठाने पोथी जपली आणि देवांनी ती मठाबाहेर काढून सगळ्यांच्या हाती दिली. तिघांपैकी एक जरी नसता तरी साखळी तुटली असती. तुझ्या तीन-दोन-एकमध्ये हा तिसरा माणूस कुठे आहे?

भाचा : नियमात नाही. असायला हवा.

दुपारी नक्कल पूर्ण झाली. मूळ डिस्क भाच्याने पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये'. मग फोटोरेक नकलेवर सोडला आणि सापडेल ते दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर उतरवत राहिला. संध्याकाळपर्यंत हजारो फाइल आल्या. फोटो बरेचसे धड होते. काहींना भाच्याने सांगितलेला करडा पट्टा होताच. नाव मात्र एकाचंही आलं नाही. कानबाईची गाणी, शाळेतली भाषणं, चुकून दाबल्या गेलेल्या बटणाची खरखर, सगळं आकड्यांच्या नावाने एकाच रांगेत उभं होतं.

इथे भाच्याचं काम संपलं. त्याला अहिराणी समजते, पण ही गाणी त्याच्या कानावरून कधी गेली नव्हती. "जाऊ द्या" म्हणणारे नाना खुर्ची ओढून बसले. भाचा एकेक फाइल लावायचा, नाना चार शब्द ऐकून सांगायचे, "हे कानबाई आणायला जातात तेव्हाचं." "हे रात्रीच्या जागरणाचं." "हे गाणंच नव्हे, अक्का गायला कोणी बोलावलं म्हणून विचारतेय." भाचा त्याप्रमाणे नाव टाकायचा, पुढे गाव आणि साल. रात्री साडेअकराला हे थांबलं. वाद कोणी जिंकला, ते दोघांनीही विचारलं नाही.

माझा निवाडा सांगतो. भाच्याचं म्हणणं खरं : हळहळून काही परत येत नाही, रीतीने वागलं तर येतं. चूक झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आपण काय करत नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. नानांचंही खरं : यंत्राने मला पानं परत दिली, पत्रांक दिले नाहीत. ते ओळखणाऱ्या माणसाच्या डोक्यात होते, आणि ते माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचं आहे. त्याची नक्कल कोणत्याही डिस्कवर घेतलेली नव्हती.

म्हणून आता घरात असं ठरलं आहे. न मिळणाऱ्या गोष्टींच्या तीन प्रती. एक माझ्याकडे, एक भाच्याच्या दुकानात, एक जळगावला बहिणीकडे, पांझरेच्या पुरापासून दूर. प्रत्येक फाइलच्या नावात कोण, कुठे, केव्हा. महिन्यातून एकदा तिघांपैकी कोणीतरी एक फाइल उघडून ऐकायची आणि बाकीच्या दोघांना कळवायचं. वाचणाऱ्यांनाही एवढंच सांगणं आहे : तुमची बॅकअपची डिस्क आज काढा, तिच्यातलं एक काहीतरी उघडा, आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे ते स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही, तर तो बॅकअप नव्हे.

आत्याच्या सतरा गाण्यांपैकी बारा पूर्ण मिळाली. तीन मधेच तुटतात. एक सुरतेला आतेबहिणीच्या फोनमध्ये निघालं. मी तिला कधीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं, आणि आईचा आवाज म्हणून तिने ते पुसलं नव्हतं. सतरावं मिळालं नाही. त्याचं पहिलं कडवं नानांना येतं, पुढचं आमच्यापैकी कोणालाच येत नाही.